माथेरानचा घाट सहा फुटांच्या फळीवर
मॉडेल रेल्वे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नेरळ–माथेरान मार्गाचं मॉडेल करायला घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. ब्रॉडगेजच्या घाटाचं मॉडेल करणाऱ्यांनाही खडक आणि विजेबद्दलची उत्तरं जशीच्या तशी लागू पडतील.

प्रश्न : हॉलच्या भिंतीलगत सहा फूट बाय अडीच फूट जागा आहे. नेरळपासून माथेरानपर्यंतचा पूर्ण मार्ग बसवायचा आहे. एन स्केल घ्यावं की एचओ? (वाचक, मुलुंड)

पूर्ण मार्ग कुठल्याच स्केलमध्ये बसणार नाही. नेरळ ते माथेरान रूळ साधारण २० किलोमीटर आहेत. १:८७ च्या एचओ स्केलमध्ये त्याचे २३० मीटर होतात आणि १:१६० च्या एनमध्ये १२५ मीटर. म्हणजे आधी ठरवायचं ते काय गाळायचं. आमचं मत ठाम आहे : लांबी हवी तेवढी कापा, पण वळण, चढ आणि कड्याचा आकार कापू नका. ही गाडी ओळखू येते ती या तीन गोष्टींवरून. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान अशी पाचही स्थानकं सहा फुटांत कोंबली तर फलाटाला फलाट लागतो आणि डोंगराला जागाच उरत नाही. जुम्मापट्टीसारखं एखादं छोटं स्थानक, एक घोड्याच्या नालेच्या आकाराचं वळण आणि एक बोगदा एवढंच घ्या.

आता स्केल. या मार्गाचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिमी, म्हणजे दोन फूट. १:८७ ने भागल्यावर ७ मिमी येतात. बाजारात तयार मिळणारा नॅरोगेजचा रूळ ९ मिमीचा असतो. खऱ्यापेक्षा तो २ मिमी रुंद, पण स्लीपर रुंद आणि लांब अंतरावर असल्यामुळे डोळ्याला नॅरोगेजच दिसतो. एन स्केलचा साधा रूळही ९ मिमीचाच असतो आणि स्वस्तात मिळतो म्हणून पुष्कळजण तो घेतात. त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, त्यामुळे माथेरानच्या गाडीखाली ब्रॉडगेज अंथरल्यासारखं वाटतं. पेको कंपनीचा ओओ-९ नावाने मिळणारा रूळच घ्या. एन स्केलमध्ये हा मार्ग करायचा तर गेज ३.८ मिमी हवा, तो तयार मिळत नाही.

एचओ घेण्याचं मोठं कारण वळण आहे. या मार्गावरची कडक वळणं सुमारे ६० फूट त्रिज्येची आहेत. १:८७ मध्ये ती २१० मिमी होते. तयार मिळणाऱ्या वळणाच्या रुळाची त्रिज्या ९ इंच, म्हणजे २२८ मिमी. वळण जवळजवळ खऱ्या मापात बसतं. ब्रॉडगेजला ही चैन नाही. तिथे १७५ मीटरचं वळण कडक समजतात आणि १:८७ मध्येही त्याची त्रिज्या दोन मीटर होते.

आराखडा असा करा. पुढच्या कडेने डावीकडून उजवीकडे १.२ मीटरचा सरळ रूळ, उजव्या टोकाला २२८ मिमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ, मग मागच्या बाजूने पुन्हा १.२ मीटर डावीकडे. अर्धवर्तुळाची लांबी ७१६ मिमी भरते. खऱ्या मार्गाचा चढ १:२० आहे, म्हणजे वीस मिमी पुढे गेलं की एक मिमी वर. सरळ भागात तोच ठेवा, दोन्ही मिळून १२० मिमी उंची मिळेल. वळणात मात्र १:३० करा, तिथे आणखी २४ मिमी. वळणात चाकांची कड रुळाला घासते आणि ओढ वाढते. खऱ्या रेल्वेतही याच कारणाने वळणावर चढ थोडा हलका करतात. एकूण १४४ मिमी, म्हणजे खऱ्या डोंगरावरचे साडेबारा मीटर. पुढच्या रुळावरून पाहताना मागची गाडी डोक्यावरून जाते असं वाटायला तेवढे पुरतात.

चढ एकदम सुरू करू नका. पहिल्या २०० मिमीत १:८०, मग १:४० आणि मग १:२०. तसं केलं नाही तर सुरुवातीच्या कोपऱ्यावर तीन आसांच्या इंजिनाचं मधलं चाक किंवा टोकाचं चाक उचललं जातं आणि कपलिंग सुटतं. प्लाय कापायच्या आधी १.२ मीटरच्या फळीवर रूळ तात्पुरता ठोका, एक टोक ६० मिमी उचला आणि स्वतःचं इंजिन तीन डब्यांसह चढवून पाहा. चाकं जागीच फिरली तर बॉडीत शिशाची पट्टी घाला, पण वजन चालत्या चाकांच्या बरोबर वर यायला हवं. पुढे झुकलेलं इंजिन चढावर आणखी घसरतं.

प्रश्न : खऱ्या जागेची मापं कशी घ्यायची? रुळांवर जाऊन टेप लावता येईल का? (वाचक, दादर)

नाही. परवानगीशिवाय रुळांवर जाणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. फोटोतच मोजपट्टी असते : दोन रुळांमधलं ६१० मिमी अंतर. रुळांच्या दिशेने, समोरून काढलेल्या फोटोत बोगद्याचं तोंड रुळाच्या किती पट रुंद आहे ते मोजा. मात्र रूळ आणि तोंड कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, म्हणून गेज बोगद्याच्या तोंडाशीच मोजा. चार मीटर पुढचा रूळ धरला तर माप फसतं.

डोंगराच्या आकारासाठी उंचीच्या समरेषा असलेला नकाशा वापरा. १० मीटरची एक समरेषा १:८७ मध्ये ११५ मिमी होते. कड्याची उंची निम्म्यावर आणलीत तरी चालेल, कारण बैठकीच्या खोलीत कोणी कड्याची उंची मोजत नाही. उताराचा कोन मात्र बदलू नका. कोन बदलला की तो डोंगर माथेरानचा राहत नाही.

प्रश्न : बेस कशाचा करावा? पावसाळ्यात घरातली दारंसुद्धा फुगतात. (वाचक, डोंबिवली)

१८ मिमीची अखंड फळी नको. ती जड होते आणि पावसाळ्यात बाकदार होतेच. १९ बाय ७० मिमीच्या पाइनच्या पट्ट्यांची चौकट करा, आत दर ३०० मिमीवर एक आडवी पट्टी. रूळ जिथून जातो तेवढ्याच भागाखाली ९ मिमी प्लायची ८० मिमी रुंद पट्टी, उभ्या ठोकळ्यांवर उचललेली. बाकी जागा मोकळी सोडा, तिथे दरी येईल. सपाट फळीवर डोंगर रचता येतो, पण दरी खणता येत नाही, आणि घाटाचं सौंदर्य रुळाच्या खाली गेलेल्या उतारात आहे.

प्लाय घेताना शिक्का पाहा. आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ म्हणजे साधा. साध्यात बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) असं छापलेला घ्या. या कामाला तो पुरतो. महत्त्वाचं म्हणजे दोन्ही बाजू आणि चारही कडा सँडिंग सीलरचे दोन हात देऊन बंद करा. पुष्कळजण फक्त वरची बाजू रंगवतात. मग खालून दमट हवा शिरते, एकच बाजू फुगते आणि फळी वाकते. सीलर मारायचं काम मे महिन्यात उरका, जुलैत नाही.

१८३० मिमीची एक फळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावेलच असं नाही. ९१५ बाय ७६० चे दोन भाग करा आणि ८ मिमीच्या बोल्टनी जोडा, विंग नट लावा. जोडावर रूळ जुळेनासे होतात ही नेहमीची तक्रार. त्यासाठी जोडाच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक रुळाखाली पितळी स्क्रू बसवा, त्याचं डोकं रुळाच्या तळाला टेकेल इतकं. रूळ अखंड अंथरून चारही स्क्रूंना सोल्डर करा आणि मगच बारीक करवतीने जोडावर कापा. आधी कापून नंतर जुळवायला गेलात तर अर्धा मिमी फरक राहतोच, आणि ९ मिमी गेजला अर्धा मिमी पुष्कळ झाला.

प्रश्न : कडा प्लास्टर ऑफ पॅरिसचा केला. सिमेंटच्या भिंतीसारखा दिसतो, शिवाय भेगा पडल्या. कुठे चुकलं? (वाचक, गिरगाव)

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, एक आकाराची आणि एक प्लास्टरची.

आकार आधी. सह्याद्रीचा खडक लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला आहे आणि ते थर जवळजवळ आडवे आहेत. म्हणून उभा काळा कडा, मग झाडी धरलेला अरुंद टप्पा, मग पुन्हा उभा कडा, असं दिसतं. तुमच्या मॉडेलात खडकाच्या रेषा रुळाबरोबर तिरक्या चढल्या आहेत. नवशिक्यांच्या घाटात हे हमखास होतं, कारण कापताना डोळा रुळाला धरून चालतो. रूळ चढतो, थर चढत नाही. सुरुवातीलाच पाणसळ लावून संपूर्ण लांबीत आडव्या रेषा मारून घ्या, दर ४० ते ६० मिमीला एक, अंतर थोडं कमी-जास्त. चढणारा रूळ या रेषा एकेक करून ओलांडत जाईल आणि १:२० चा चढ आहे त्याहून ठळक दिसेल.

आतला गाभा एक्सपीएस फोमचा करा, छपरांच्या इन्सुलेशनला वापरतात तो. साध्या थर्मोकोलचे मणी सुटतात आणि चाकांना चिकटतात. फोम सुरीने सरळ कापू नका. अर्धा कापा आणि हाताने मोडा, तुटलेली बाजू खडकासारखी दिसते. चिकटवायला रबरी गोंद किंवा स्प्रे रंग वापरू नका, त्यातलं द्रावण फोम विरघळवतं. पांढरा फेविकॉल चालतो, पण दोन थरांच्या मधोमध हवा पोचत नाही म्हणून तो आठवडाभर ओलाच राहतो. थेंब-थेंब लावा, बांबूच्या काड्या खुपसून धरून ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका.

आता प्लास्टर. एका वेळी २०० ग्रॅम पुरे, त्याला १३० मिली पाणी. पाण्यात भुकटी शिंपडा, भुकटीवर पाणी ओतू नका. अर्धा मिनिट भिजू द्या, मग हळू ढवळा. जोरात ढवळलं की बुडबुडे येतात. भांडं दर वेळी स्वच्छ धुवा. आधीच्या घाण्याचे कण राहिले तर नवं प्लास्टर त्यांच्याभोवती झटकन धरतं आणि लावायला वेळ मिळत नाही. पाणी घालून परत सैल करणं म्हणजे पुढच्या भेगांची तयारी. थर ३ ते ६ मिमी ठेवा आणि खाली पट्टीचं गॉझ किंवा जुन्या सुती कापडाच्या चिंध्या असू द्या. तुमच्या कड्यात कापड नाही, म्हणून फोम जिथे जिथे जोडला आहे तिथेच भेग वर आली आहे.

मुंबईत आणखी एक अडचण म्हणजे शिळं प्लास्टर. उघडी पिशवी पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढते. ते धरतं, पण नखाने खरवडलं की पीठ पडतं. एक-एक किलोची बंद पाकिटं घ्या.

रंग देण्याची घाई करू नका. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आत पाणी आहे. दमट दिवसांत पंखा लावूनही चार-पाच दिवस लागतात. ओल्यावर रंगवलं की बुरशी धरते. रंगात निव्वळ काळा वापरू नका. घरातला दिवा सूर्यापुढे फारच मंद, त्यात काळा कडा नुसता एक डाग दिसतो आणि कोरलेलं काम वाया जातं. काळा, तपकिरी आणि थोडा पांढरा मिसळून कोळशासारखा राखाडी करा. अॅक्रिलिक एक भाग, पाणी दहा भाग, असे पातळ हात तीन-चार वेळा. मग कोरड्या ब्रशने वरच्या कडांवर फिकट राखाडी. पाणी जिथून ओघळतं तिथे उभे काळे ओघळ, टप्प्यांवर मळकट हिरवं.

वरचा भाग वेगळा. माथेरानच्या माथ्यावर जांभा आहे, तांबडा आणि सच्छिद्र. प्लास्टर घट्ट होऊ लागलं पण अजून दबतंय, अशा वेळी ताठ ब्रशने टोचा, भोकं पडतील. माती मात्र खरीच वापरा. नर्सरीत कुंड्यांसाठी मिळणारी लाल माती याच रंगाची असते. माथेरानहून आणू नका, २००३ पासून तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. माती कढईत कोरडी भाजा, मैद्याच्या चाळणीने चाळा आणि पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यातून चार-पाचदा फिरवा. आपल्याकडच्या मातीत लोहकण असतात. ते मोटारीचं चुंबक ओढून घेतं आणि इंजिन काही दिवसांत घरघरायला लागतं. ही पायरी पुष्कळजण गाळतात.

प्रश्न : हिरवागार पावसाळा आणि धबधबे दाखवायचे आहेत. (वाचक, ठाणे)

धबधबा आणि खालच्या घाटातली गाडी एकत्र दाखवू नका. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. पावसात धावते ती अमन लॉज–माथेरान शटल. म्हणून भर पावसाळा हवा असेल तर वरचा पट्टा निवडा : जांभ्याची लाल माती, दाट झाडी, धुकं. खालचा घाट हवा असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध घ्या. झाडी हिरवी, गवत टोकाकडून पिवळं पडू लागलेलं, आणि कड्यावर पाणी वाहून गेल्याचे ओले पट्टे. आमची पसंती ऑक्टोबरला, कारण दोन रंगांच्या गवतामुळे उताराचा आकार उठून दिसतो.

गवतासाठी स्टॅटिक ग्रास, म्हणजे स्थिर विजेने उभे राहणारे कृत्रिम तंतू : पावसाळ्याला २ मिमी, ऑक्टोबरला ४ मिमी. झाडांची मापं काढून घ्या. १२ मीटरचं जांभूळ १:८७ मध्ये १३८ मिमी होतं, आणि बाजारातली तयार झाडं बहुधा त्याच्या निम्मीच असतात. लोहार चाळीत मिळणाऱ्या जाड तांब्याच्या बहुतारी वायरची टोकं पिळून, उलगडून फांद्या करा. वर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी विरळ करून चिकटवा, त्यावर मिक्सरमध्ये बारीक केलेला रंगवलेला स्पंज. कड्याजवळची झाडं एका बाजूला कललेली ठेवा. आणि दस्तुरी नाक्याच्या पलीकडे एकही मोटार ठेवू नका, माथेरानात मोटारींना बंदी आहे. तिथे घोडे ठेवा.

प्रश्न : १९०७ सालचं वाफेचं इंजिन चालवता येईल का? (वाचक, पार्ले)

येईल, पण तयार मिळणार नाही. मार्ग सुरू झाला तेव्हाची इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची, सहा चाकांची होती. कडक वळणं घ्यावीत म्हणून त्यांच्या टोकाच्या आसांना क्लीन-लिंडनर पद्धतीची वळणारी रचना होती. मॉडेलात ती करू नका. मधल्या आसाला दोन्ही बाजूंना अर्धा मिमी मोकळीक दिली की २२८ मिमीच्या वळणावर इंजिन सहज जातं. पहिलंच काम असेल तर याच मार्गावरचं एनडीएम-१ हे डिझेल इंजिन करा. थ्रीडी प्रिंटची बॉडी आणि खाली काटो या जपानी कंपनीची एन स्केलची छोटी चासी (चाकं आणि मोटार असलेला सांगाडा). चासीची लांबी मोजूनच बॉडीचं रेखाटन करा, उलट केलंत तर पायदान चाकांना घासतं.

प्रश्न : इंजिन पॉइंटवर (रूळ दोन वाटांना फुटतो तिथे) थांबतं. रूळ पॉलिश पेपरने घासले, दोन दिवस बरं चाललं, मग पूर्वीपेक्षा वाईट. (वाचक, कुर्ला)

पॉलिश पेपरने रुळावर ओरखडे पडतात आणि त्यात काजळी बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन पुसा. पडलेले ओरखडे स्टीलच्या गुळगुळीत वॉशरने दाबून घासा, बरेचसे बसतील.

पॉइंटवर थांबण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या पॉइंटचा मधला फाटा प्लॅस्टिकचा आहे आणि छोट्या इंजिनाची सगळी चाकं क्षणभर त्यावरच येतात. धातूचा फाटा असलेला पॉइंट घ्या आणि त्याचा प्रवाह पॉइंटबरोबर बदलणाऱ्या स्विचमधून द्या. जोडपट्ट्यांच्या भरवशावर वीज पुढे जाऊ देऊ नका, समुद्राकडच्या हवेत त्या वर्षभरात काळ्या पडतात. फळीखाली १.५ चौरस मिमीच्या दोन वायरी लांबीभर न्या आणि प्रत्येक रुळाच्या तुकड्याला ०.५ चौरस मिमीच्या वायरीने वेगळी जोड द्या.

गिट्टी चिकटवताना एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण. पॉइंटच्या हलणाऱ्या पात्यांजवळ मात्र गिट्टी हाताने एकेक ठेवा, वाहता गोंद तिथे शिरला की पॉइंट कायमचा गेला.

प्रश्न : गाडी टोकाला गेल्यावर आपोआप थांबावी, पण सर्किटबोर्ड वगैरे नको. (वाचक, वसई)

दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग) पुरतात. लॅमिंग्टन रोडवर १एन५४०८ मागा. प्रत्येक टोकाला शेवटच्या २५० मिमीत एका रुळाला काप द्या आणि त्या कापावर डायोड जोडा, दिशा अशी की परतीच्या प्रवाहालाच वाट मिळेल. गाडी काप ओलांडून आत गेली की थांबेल आणि दिशेचं बटण उलटं केलं की निघेल. तुकडा इंजिनाच्या लांबीपेक्षा छोटा ठेवू नका, नाहीतर वेगात आलेलं इंजिन टोकाच्या अडथळ्यावर आपटतं. दोन्ही टोकांना चढ येत असेल तर वरच्या टोकाचे शेवटचे ३०० मिमी सपाट करा. प्रवाह गेल्यावर उतारावर उभी गाडी मागे घसरली तर काप ओलांडून पुन्हा चालू होते. डायोड चालत नाही असं वाटलं तर नव्वद टक्के वेळा तो उलटा लागलेला असतो. वायरी आलटून पालटून पाहा, मगच दुसरा विकत घ्या.